बॅच्ड बॅकग्राउंड मायग्रेशन

वापरात असलेल्या डेटाबेसमधल्या मोठ्या टेबलाचा डेटा एका दमात न बदलता, त्याचे लहान तुकडे पाडून एकेक तुकडा पार्श्वभूमीवर चालणाऱ्या जॉबकडे सोपवण्याची पद्धत. अशा तुकड्याला बॅच म्हणतात, आणि डेटाबेसची रचना किंवा त्यातला डेटा बदलण्याच्या कामाला मायग्रेशन. ॲप्लिकेशन बंद ठेवावे लागत नाही, पण काही तासांचे काम काही दिवस, कधी काही महिने चालते. गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत याच नावाने आहे आणि तिची रचना सर्वांना वाचण्यासाठी खुली आहे, म्हणून या नोंदीत मुख्य उदाहरण तिचेच घेतले आहे.

मुंबईत रविवारी मेगाब्लॉक घेऊन रूळ दुरुस्त करतात. डेटाबेसच्या कामातही पूर्वी हीच रीत होती : रात्री सेवा बंद, बदल, पहाटे सेवा सुरू. पण ज्या सेवेचे वापरकर्ते जगभर पसरले आहेत, तिला सगळ्यांची एकाच वेळची रात्र सापडत नाही. शिवाय टेबल एका मर्यादेपलीकडे वाढले की एका रात्रीत काम उरकतही नाही.

गरज कुठून येते

सर्वांत गाजलेले कारण आयडीच्या, म्हणजे ओळीच्या ओळख क्रमांकाच्या, कॉलमचे आहे. चार बाइटच्या इंटिजरमध्ये जास्तीत जास्त 2,14,74,83,647 हा आकडा मावतो. टेबलात रोज लाखो ओळी पडत असतील, तर ही मर्यादा कधीतरी येतेच, आणि त्या क्षणी नवी ओळ घालणे बंद पडते. 8 नोव्हेंबर 2018 रोजी बेसकॅम्प 3 या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सेवेच्या बाबतीत हेच घडले. एका टेबलाचे आयडी संपले आणि सेवा काही तास फक्त वाचण्यापुरती उरली. रुबी ऑन रेल्स या वेब ॲप्लिकेशन बांधण्याच्या चौकटीने 2017 मधील 5.1 या आवृत्तीपासून नव्या टेबलांच्या आयडीसाठी आठ बाइटचा बिगइंट हा प्रकार आपोआप वापरायला सुरुवात केली. मात्र आधी तयार झालेली टेबले तशीच राहिली आणि ती बदलण्याचे काम ज्याच्या त्याच्या माथी आले.

पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसमध्ये इंटिजर कॉलमचा प्रकार थेट बिगइंट केला, तर पूर्ण टेबल नव्याने लिहिले जाते आणि त्यावरचे सगळे इंडेक्सही, म्हणजे ओळी पटकन शोधण्याच्या सूचीही, पुन्हा बांधल्या जातात. तोवर टेबलावर सर्वांत कडक लॉक असतो. साधी वाचणारी सिलेक्ट क्वेरीसुद्धा थांबून राहते.

मग नवा कॉलम जोडून एकाच अपडेटने सगळ्या ओळी भरल्या तर? वाचणाऱ्यांची अडचण टळते, पण दुसरी संकटे उभी राहतात. पोस्टग्रेस अपडेट करताना ओळ जागच्या जागी बदलत नाही; नवी प्रत लिहिते आणि जुनी मागे ठेवते. शंभर कोटी ओळींच्या अपडेटने शंभर कोटी मृत प्रती तयार होतात आणि तो व्यवहार (ट्रान्झॅक्शन) संपेपर्यंत व्हॅक्यूमला, म्हणजे साफसफाईच्या प्रक्रियेला, त्या उचलता येत नाहीत. बदललेल्या प्रत्येक ओळीवरचा लॉकही शेवटपर्यंत सुटत नाही. वॉलचा, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचा, लोंढा येतो आणि रेप्लिका, म्हणजे डेटाबेसच्या इतर सर्व्हरवरच्या प्रती, मागे पडतात. सातव्या तासाला कनेक्शन तुटले, तर सात तासांचे काम रद्द होते आणि फुगलेले टेबल तेवढे हाती राहते.

माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथे आहे. बॅच पाडल्याने काम लवकर होत नाही, उलट उशीरच होतो. पण ते कोणत्याही क्षणी थांबवता येते आणि जिथे थांबले तिथून पुढे नेता येते.

तुकडे कसे पाडावेत

पुढची बॅच शोधण्याच्या दोन रीती नवख्यांना हमखास सुचतात आणि दोन्ही घात करतात. पहिली ऑफसेटची. ‘पहिल्या 50 लाख ओळी सोडून पुढच्या हजार दे’ असे सांगितले, तर डेटाबेसला त्या 50 लाख ओळी मोजूनच सोडाव्या लागतात, त्यामुळे प्रत्येक बॅच आधीच्या बॅचपेक्षा महाग पडते. दुसरी रीत जास्त फसवी आहे : ‘नवा कॉलम रिकामा असलेल्या कोणत्याही हजार ओळी दे’. इंडेक्स असेल तर सुरुवातीला ही क्वेरी छान पळते. पण भरून झालेल्या ओळींच्या मृत नोंदी इंडेक्सच्या त्याच टोकाला साचत जातात आणि पुढची प्रत्येक क्वेरी त्या ढिगाऱ्यातून वाट काढत जाते. चाचणीत दोन लाख ओळींवर हे कळतही नाही.

योग्य रीत म्हणजे कर्सर. मागची बॅच ज्या आयडीवर संपली तो लक्षात ठेवायचा आणि प्रायमरी कीच्या, म्हणजे आयडीच्या, इंडेक्सवरून त्यापुढच्या ओळी घ्यायच्या. यात पहिल्या आणि शेवटच्या बॅचचा खर्च सारखाच राहतो.

प्रत्येक बॅच दोनदा चालली तरी निकाल तोच यायला हवा. जॉब अर्ध्यावर मरतात, सर्व्हर रीस्टार्ट होतात, पुनर्प्रयत्न होतात. ‘जुन्या कॉलममधले मूल्य नव्यात लिही’ हे काम कितीही वेळा केले तरी चालते. ‘मोजणीत एक मिळव’ हे चालत नाही.

वेळापत्रक आणि बॅचचा आकार

गिटलॅबची आधीची पद्धत साधी होती. मायग्रेशन सुरू होताना सगळ्या बॅचांचे जॉब तयार करायचे आणि दोन-दोन मिनिटांच्या अंतराने साइडकिक या जॉब चालवणाऱ्या साधनाच्या क्यूत (रांगेत) लावून मोकळे व्हायचे. ही रांग जिथे असते त्या रेडिस या साठ्यात हजारो जॉब ताटकळत राहत. आकार आधीच ठरलेला असल्याने डेटाबेसवर ताण आला तरी तो कमी करता येत नसे. जॉब हरवले, तर कोणता भाग राहिला ते शोधून काढणे जिकिरीचे होई.

2021 मध्ये आलेल्या नव्या पद्धतीने हे उलटे केले. आता मायग्रेशनची आणि तिच्या प्रत्येक जॉबची नोंद डेटाबेसमध्येच स्वतंत्र टेबलांत असते. दर मिनिटाला एक क्रॉन वर्कर (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम) उठतो आणि आधीचा जॉब तयार केल्यापासून ठरलेले अंतर उलटले आहे का ते पाहतो. उलटले असेल तरच तो पुढचा एक जॉब तयार करतो. कुठून कुठपर्यंतचे आयडी, किती प्रयत्न झाले, किती वेळ लागला, हे सगळे लिहिलेले असते.

या व्यवस्थेचा गाभा बॅचचा आकार ठरवण्यात आहे. किती ओळी हा प्रश्न दुय्यम, किती वेळ हा मुख्य. अंतर दोन मिनिटांचे असेल, तर जॉबने त्यातला 90 ते 95 टक्के वेळ घ्यावा असे लक्ष्य ठेवले जाते. अलीकडच्या जॉबांच्या वेळेची भारित सरासरी (ताज्या जॉबांना जास्त वजन देऊन) काढली जाते; ती लक्ष्याखाली असेल तर बॅच वाढते, वर गेली तर घटते. एका वेळची वाढ 20 टक्क्यांपेक्षा जास्त होऊ दिली जात नाही. आकार 1,000 ओळींच्या खाली किंवा 20 लाखांच्या वर जात नाही. त्यामुळे गिटलॅबच्या मोठ्या सार्वजनिक सेवेवर आणि एखाद्या छोट्या कार्यालयातल्या सर्व्हरवर तोच कोड आपापल्या ताकदीप्रमाणे चालतो.

बॅचच्या आत उपबॅच असते. प्रत्यक्ष अपडेट तीच करते. सुरुवातीचे प्रमाण सहसा 1,000 ओळींच्या बॅचला 100 ओळींची उपबॅच असे असते. प्रत्येक क्वेरी एका सेकंदाच्या आत संपावी, अशी अपेक्षा. ओळींवरचे लॉक तेवढाच वेळ टिकतात आणि ज्याला नेमकी तीच ओळ बदलायची आहे, त्याला थांबल्याचे जाणवत नाही.

या पद्धतीला किती काळ लागतो ते हिशेबाने पाहावे. टेबलात 100 कोटी ओळी, बॅच 20 हजारांची, अंतर दोन मिनिटांचे : बॅचा 50 हजार, वेळ एक लाख मिनिटे, म्हणजे जवळजवळ 70 दिवस. हा आकडा काम सुरू करण्याआधी कागदावर मांडलेला असावा. इतक्या दिवसांत ॲप्लिकेशनचा कोड अनेकदा बदलतो, म्हणून जॉबने ॲप्लिकेशनची मॉडेले (टेबलाशी बोलणारा कोड) वापरू नयेत, लागतील तेवढी स्वतःपुरती लिहून घ्यावीत. तिसऱ्या आठवड्यात कोणी मॉडेलमध्ये नवे व्हॅलिडेशन (डेटा तपासणारा नियम) घातले, तर जॉबला त्याची झळ लागता कामा नये.

थांबणे आणि बिघडणे

डेटाबेस थकला आहे का, हे जॉब सुरू करण्याआधी तपासले जाते. त्याच टेबलावर ऑटोव्हॅक्यूम चालू असेल किंवा वॉलच्या फायली साठवणीकडे जाण्यासाठी तुंबल्या असतील, तर मायग्रेशन दहा मिनिटे बाजूला ठेवले जाते. व्हॅक्यूमला जागा देणे विशेष महत्त्वाचे, कारण मृत प्रती याच मायग्रेशनने निर्माण केलेल्या असतात.

जॉब फसला तर तीनदा प्रयत्न होतो. वेळ संपल्यामुळे फसत असेल, तर बॅचचे दोन भाग करून पाहिले जाते. काही ओळींना इतरांपेक्षा खूप जास्त वेळ लागतो. विभागणीने त्या वेगळ्या पडतात. फसलेल्यांचे प्रमाण निम्म्यापलीकडे गेले, तर मायग्रेशन स्वतःच थांबते आणि माणसाची वाट पाहते.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या जगात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. पर्कोना या कंपनीचे पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज आणि गिटहबने 2016 मध्ये खुले केलेले घोस्ट ही साधने नव्या रचनेचे दुसरे टेबल बनवून त्यात ओळी तुकड्यातुकड्याने ओततात आणि शेवटी टेबलांची नावे बदलतात. चालू बदल टिपण्यासाठी पहिले ट्रिगर (ओळ बदलताच आपोआप चालणारा कोड) वापरते, दुसरे बिनलॉग (मायएसक्यूएलची बदलांची नोंदवही) वाचते.

सुरुवात आणि शेवट

बॅकफिल, म्हणजे जुना डेटा नव्या कॉलममध्ये भरणे, हा मधला टप्पा आहे. त्याआधी नवा बिगइंट कॉलम जोडून एक ट्रिगर बसवावा लागतो, म्हणजे यापुढे येणारी प्रत्येक ओळ दोन्ही कॉलमांत लिहिली जाते आणि जॉबांना फक्त जुना डेटा भरायचा राहतो. हा क्रम चुकला, तर भरलेल्या भागात नव्याने भोके पडत राहतात.

सगळे भरून झाल्यावर नव्या कॉलमवरचे इंडेक्स टेबलात लिहिणे न थांबवता बांधले जातात आणि एका छोट्या व्यवहारात दोन कॉलमांच्या नावांची अदलाबदल होते. त्याआधी एक टप्पा असतो, फायनलायझेशनचा : राहिलेल्या बॅचा असतील, तर त्या तिथल्या तिथे चालवून मायग्रेशन पूर्ण झाल्याची खात्री केली जाते. स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब चालवणाऱ्यांची इथे सर्वाधिक अडचण होते. आवृत्ती अद्ययावत केल्यावर पडद्यावर सगळे ठीक दिसते, पण मागे मायग्रेशन चालूच असते. ते संपायच्या आत पुढची आवृत्ती चढवली, तर अपग्रेड एररचा संदेश देऊन अडते. म्हणून प्रत्येक अपग्रेडआधी ॲडमिन विभागातल्या बॅकग्राउंड मायग्रेशनच्या पानावर काही उरले आहे का ते पाहायला सांगितले जाते.

जुना कॉलमही लगेच पाडता येत नाही. गिटलॅब ज्या रेल्सवर बांधले आहे, तिच्या चालू प्रोसेस कॉलमांची यादी स्मृतीत धरून बसलेल्या असतात. कॉलम अचानक गेला, तर त्याच्यात लिहायला जाणाऱ्या क्वेरी फसतात. आधी कोडमध्ये त्या कॉलमकडे दुर्लक्ष करायला सांगतात, ती आवृत्ती सर्वत्र पोहोचू देतात आणि त्यानंतरच्या आवृत्तीत कॉलम पाडतात.