ठाणे स्टेशनचे तीन पत्ते

मोबाइलवरच्या नकाशात ठाणे स्टेशन साधारण १९.१८६ उत्तर, ७२.९७५ पूर्व इथे आहे. बोटीवरच्या जीपीएसमध्ये हीच जागा बहुधा १९ अंश ११.१६ मिनिटे, ७२ अंश ५८.५० मिनिटे अशी दिसेल. छापील नकाशाच्या रीतीने ती १९ अंश ११ मिनिटे १० सेकंद, ७२ अंश ५८ मिनिटे ३० सेकंद. तिन्ही पत्ते बरोबर आहेत. पण बोटीवरचे आकडे कुणी घाईत १९.१११६, ७२.५८५० असे टाइप केले, तर स्टेशन सुमारे ४२ किलोमीटर दूर, जुहूच्याही पलीकडे भर समुद्रात जाऊन पडते.

या घोटाळ्याचे मूळ फार जुने आहे. साठाच्या पटीतला हिशेब बाबिलोनमधून ग्रीकांकडे गेला. दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलतज्ज्ञ टॉलेमीने हजारो गावांचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवले. अंशाच्या साठाव्या भागाला लॅटिनमध्ये ‘पहिला बारीक भाग’ म्हणत आणि त्याच्याही साठाव्या भागाला ‘दुसरा बारीक भाग’. मिनिट आणि सेकंद हे शब्द त्यातूनच आले. आपल्याकडे त्यांना कला आणि विकला म्हणतात. रेखांश मोजायला सुरुवात कुठून करायची, याचेही आपले उत्तर होते: उज्जैनवरून जाणारी मध्यरेषा. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रिनिचची रेषा शून्य ठरवली. ठाण्याचा ७२ हा आकडा तिथून मोजलेला आहे.

दर्यावर्दींना मात्र सेकंद नकोच होते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, १,८५२ मीटर. नकाशाच्या उभ्या कडेवरच्या अक्षांशांच्या खुणांवर डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) टेकवला की अंतर हातात. म्हणून त्यांनी मिनिटे ठेवली आणि पुढचा भाग दशांशात लिहिला. मला हीच पद्धत सर्वांत देखणी वाटते, कारण तिच्यात मोजमाप आणि प्रवास एकच होतात. रेखांशावर मात्र हे जमत नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे ठाण्याच्या पातळीवर रेखांशाचे एक मिनिट सुमारे १,७५० मीटरच भरते.

सरळ दशांश ही संगणकाची सोय. त्याला साठाचा हातचा घेत बसायचे नसते. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला, यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण झाली, आणि सामान्य लोकांसाठी मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. त्यानंतर दशांश प्रत्येकाच्या खिशात आला.

एक गोष्ट सहसा सुटून जाते. भारताचे जुने सर्वेक्षण नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या तेव्हाच्या गणिती प्रतिरूपावर, बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या प्रतिरूपावर चालते. लिहिण्याची पद्धत तीच असली, तरी जुन्या नकाशावरचे आकडे जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाकले की खूण जागेवरून हलते.

मिनिटे ५९ च्या पुढे कधीच जात नाहीत. त्यामुळे ७२.९७ मधले ९७ मिनिटे असूच शकत नाहीत. ७२.५८ मात्र दोन्ही तऱ्हांनी वाचता येते, आणि धोका तिथेच आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात वाट चुकून कुणाला फोनवरून जागा सांगावी लागली, तर आकड्यांबरोबर ‘पूर्णांक’, ‘अंश’, ‘मिनिटे’ हे शब्दही स्पष्ट उच्चारावेत आणि पलीकडच्याकडून ते परत वदवून घ्यावेत.