आपल्या खोलीला किती टनांचा एसी लागेल?

एसी घ्यायला आलेले बहुतेक ग्राहक खोलीची लांबी-रुंदी सांगतात आणि टनांचा आकडा विचारतात. नागपुरात तेवढ्या माहितीवर उत्तर देणे आम्ही टाळतो. बारा बाय बाराच्या दोन खोल्या घ्या. एक तळमजल्यावरची, उत्तरेला तोंड असलेली. दुसरी गच्चीच्या स्लॅबखालची, पश्चिमेकडची. पहिलीला एक टन पुरतो, तर दुसरीला नवतपात दीड टनही जेमतेम पुरतो. हा फरक कोठून येतो, हे ग्राहकाला खरेदीपूर्वी कळावे यासाठी हे माहितीपत्रक आहे.

प्रथम ‘टन’ या शब्दाविषयी. हे यंत्राचे वजन नव्हे. थंडाव्यासाठी बर्फच विकत घेतला जात असे त्या काळातले हे माप आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेतो, त्या वेगाने खोलीतली उष्णता बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे. आजच्या हिशेबात ही क्षमता सुमारे 3,500 वॉट होते. हे वॉट उष्णतेचे आहेत, विजेचे नाहीत. दीड टनाचा चांगला एसी पूर्ण जोरात चालतानाही साधारण दीड हजार वॉट वीज घेतो. नेमका दीड टन म्हणजे 5,275 वॉट, परंतु ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांची क्षमता 5,000 वॉटच्याही खाली असते. म्हणून बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवर तारे मोजून झाल्यावर त्याखालचा वॉटचा आकडाही जरूर वाचावा.

त्या आकड्यालाही एक अट आहे. बाहेर 35 अंश आणि खोलीत 27 अंश तापमान धरून तो काढलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि बाहेरचे युनिट तापलेल्या गच्चीवर किंवा कोंदट डक्टमध्ये बसवलेले असेल, तर त्याच्याभोवतीची हवा त्याहूनही गरम असते. अशा हवेत उष्णता टाकणे यंत्राला जड जाते आणि त्याची क्षमता घटते. ‘52 अंशांपर्यंत चालतो’ या जाहिरातीचा अर्थ तेवढ्या उन्हात यंत्र बंद पडत नाही इतकाच. तेव्हाही ते पूर्ण दीड टन थंडावा देईल, असे त्यात म्हटलेले नसते.

आता खोलीत शिरणाऱ्या उष्णतेकडे वळू. बाजारातला ठोकताळा असा की शंभर-एकशेवीस चौरस फुटांना एक टन, एकशेऐंशीपर्यंत दीड टन आणि त्यापुढे अडीचशेपर्यंत दोन टन. खालच्या मजल्यांसाठी तो बऱ्याच अंशी चालतो. वरच्या मजल्यावर मात्र सगळा हिशेब स्लॅबचा आहे. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे सर्वांत जास्त ऊन गच्ची झेलते आणि ते काँक्रीटमध्ये साठून रात्री उशिरापर्यंत खाली उतरत राहते. ग्राहक अनेकदा दक्षिणेच्या भिंतीची काळजी करतात, पण सूर्य इतका वर असताना त्या भिंतीवर ऊन फारसे येत नाही. जाच असतो तो पश्चिमेच्या भिंतीचा आणि त्याहून अधिक पश्चिमेच्या खिडकीच्या काचेचा. त्या मानाने माणसांची भर थोडी. शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देतो. चार पाहुणे आले म्हणून यंत्र मोठे घेण्याची गरज नाही. स्वयंपाकघराला दार नसलेला हॉल असेल, तर मात्र दोन्हींचे क्षेत्रफळ एकत्र धरावे लागते.

एसी विकणाऱ्याने असे सांगणे विचित्र वाटेल, पण गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा वाळ्याचा पडदा लावावा. त्यानंतर खोलीचे माप घेतले, तर कधी कधी अर्ध्या टनाची गरजच उरत नाही. पडदा आतून लावला, तर ऊन काचेतून आधीच आत आलेले असते, म्हणून त्याचा उपयोग कमी होतो.

‘मग सरळ दोन टनांचाच लावून टाका’ हे वाक्य आम्ही दर उन्हाळ्यात ऐकतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करते आणि थांबते. मे महिन्यात, हवा कोरडी असताना, त्यातला दोष जाणवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कूलर निरुपयोगी होतो आणि लोक एसीकडे वळतात, तेव्हा तो उघडा पडतो. हवेतला ओलावा गार कॉइलवर पाणी होऊन पाइपाने बाहेर जाण्यासाठी यंत्र सलग काही वेळ चालावे लागते; ते सारखे चालू-बंद होत राहिले, तर खोली गार पण दमट राहते, आणि वारंवार सुरू होण्याचा ताण कॉम्प्रेसरवर पडतो तो वेगळाच. इन्व्हर्टर एसी थांबण्याऐवजी कॉम्प्रेसरचा वेग कमी करून हा दोष बराच सावरतो. ज्या घरात तेच यंत्र मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत वापरायचे आहे, तेथे आम्ही इन्व्हर्टरच सुचवतो. परंतु त्याच्याही वेगाला खालची मर्यादा असते, त्यामुळे लहान खोलीत दोन टन बसवणे त्यानेही समर्थनीय ठरत नाही. उलट यंत्र लहान पडले, तर कॉम्प्रेसर दुपारभर थांबत नाही, बिल वाढते आणि खोली 28 अंशांच्या खाली येत नाही.

थंडीसाठी ‘हॉट अँड कोल्ड’ एसी घेणाऱ्यांनी टनांचा आकडा उन्हाळ्यावरूनच ठरवावा. मे महिन्यात बाहेर आणि आत वीस अंशांचा फरक राखावा लागतो. डिसेंबरच्या कडक रात्रीही तो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. विजेच्या दृष्टीने हा पर्याय चांगला आहे, कारण साधा हीटर जेवढी वीज घेतो तेवढीच ऊब देतो, तर हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून सुमारे तिप्पट ऊब देते. तथापि, वर्षातून पंधरा दिवसच ऊब लागणाऱ्या घराने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे आमचे मत आहे.

माप घ्यायला आमचा माणूस येईल, तेव्हा विजेचे ताजे बिल हाताशी ठेवावे. त्यावरील ‘मंजूर भार’ पाहून तो वाढवावा लागेल का, हे सांगता येते. एसीसाठी मीटरबोर्डापासून स्वतंत्र वायर लागते, ती जुन्या घरांत बहुधा नसते आणि तिचा खर्च यंत्राच्या किमतीत धरलेला नसतो. माप शक्यतो दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान घ्यावे, म्हणजे कोणत्या भिंतीवर ऊन आहे ते हात लावूनच कळते.