स्वतःची वाइन घेऊन जेवायला येताय? आधी एवढं वाचा

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा दिंडोरीकडे वायनरी पाहायला गेलेलं माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. मग संध्याकाळी जेवताना तीच बाटली उघडावी असं वाटणं साहजिक आहे, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. कॉर्केज, म्हणजे तुमची बाटली उघडून वाढण्याचे पैसे, भरा आणि बाटली आणा. अडचण येते ती बाटली कुठल्या अवस्थेत पोचते याची.

सर्वांत जास्त वेळ जातो तो तापलेल्या बाटलीपायी. दुपारी बारा वाजता घेतलेली शेनिन ब्लाँसारखी व्हाइट वाइन किंवा स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळणारी वाइन, गाडीच्या डिकीत पडून राहते. एप्रिल-मे महिन्यात नाशकात पारा चाळिशीला टेकतो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. रात्री आठला ती बाटली टेबलावर येते आणि "पाच मिनिटांत गार करून द्या" अशी मागणी होते. पाच मिनिटांत ते होत नाही. आम्ही बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवतो. तरीही तापलेल्या बाटलीला अर्धा-पाऊण तास लागतो. नुसत्या बर्फात आणखी वेळ जातो, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि काचेला गारवा नीट लागत नाही. फ्रीजरमध्ये आम्ही बाटली टाकत नाही. विसरली गेली तर वाइन गोठून फुगते आणि बूच बाहेर ढकलते.

स्पार्कलिंगच्या बाबतीत तर आम्ही अजिबात घाई करत नाही. आत वायूचा दाब ५ ते ६ बार असतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बाटली गरम असेल तर बूच सुटताच निम्मी वाइन फेस होऊन टेबलक्लॉथवर जाते आणि बूच कुणाच्या डोळ्यालाही लागू शकतं. म्हणून आमचा कॅप्टन (मुख्य वेटर) बाटली पूर्ण गार झाल्यावरच बुचावरची तार सोडतो, बुचावर नॅपकिन धरतो, बाटली तिरकी करतो आणि बूच न फिरवता बाटलीच सावकाश फिरवतो. आवाज झालाच तर एक हलका सुस्कारा. तेवढा धीर धरा, ही विनंती.

उपाय साधा आहे. डिकीऐवजी बाटली एसी चालू असलेल्या गाडीत पायापाशी ठेवा, शक्य असेल तर थर्माकोलच्या डब्यात. नाशिककरांनी सकाळीच बाटली आमच्याकडे सोडली तर उत्तम. आम्ही तुमच्या नावाची चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

रेड वाइन गार करायची नसते, हा समज मात्र सोडायला हवा. १६ ते १८ अंश हे तिचं तापमान, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच तिशीच्या वर असते. शिराझला पंधरा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून आमच्या काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर एकदा घेऊन बघा.

दुसरी गोष्ट, शोकेसमधली भेटवस्तू. दिवाळीत आलेली बाटली टीव्हीशेजारी वर्षानुवर्षं उभी असते. कॉर्क सुकतो आणि उघडताना त्याचा भुगा होतो. टोपीखाली चिकट ओघळ दिसला तर ती उन्हाने गेली असं समजा. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. अशी बाटली आम्ही गाळून देऊ, पण चवीची हमी देणार नाही.

आता पैशांचं. साध्या वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीला ५०० रुपये, स्पार्कलिंगला ७०० रुपये. "वाइन आमची, मग पैसे कशाचे?" असं विचारलं जातं. पातळ काचेचे ग्लास मशिनमध्ये टाकता येत नाहीत. ते हाताने धुऊन, वाफेवर धरून, सुती फडक्याने पुसावे लागतात, आणि शनिवारी रात्री एखादा फुटतोच. बर्फ आणि टेबलापाशी उभा राहणारा माणूस यांचाही खर्च त्यातच येतो. आमच्या यादीतली एक बाटली घेतलीत, तर तुम्ही आणलेल्या एका बाटलीचं कॉर्केज माफ. आमच्या यादीत जी आहे तीच वाइन बाहेरून आणू नका. व्हिस्की, रम, बिअर आणू नका.

बाटली सीलबंद हवी, खरेदीचं बिल सोबत हवं. आमच्याकडे परमिट रूमचा परवाना आहे, म्हणून आम्ही नियम सांभाळून हे करतो. ज्या हॉटेलाला परवानाच नाही तिथे बाटली उघडू दिली नाही, तर मालकावर रागावू नका: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६८ आणि ८४ खाली पाजणारा आणि पिणारा दोघेही अडकतात. २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला बाटली कितीही आधी घेतलेली असली तरी आम्ही उघडत नाही.

टेबल बुक करताना कुठली वाइन, किती बाटल्या आणि किती वाजता येणार एवढं सांगा. स्पार्कलिंग असेल तर ते आवर्जून सांगा, बादली तुमच्या आधी तयार असेल.