सल काढायला कसला सिकेटर हवा?

मोसंबीची तोडणी आटोपली की जालना, अंबड, पैठणकडे सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या काड्या, काढायची लगबग सुरू होते. वाळक्या काड्या तर छाटायच्या, त्यासाठी भारी सिकेटर (छाटणीची हातकात्री) कशाला, म्हणून मिळेल तो स्वस्तातला आणला जातो. गफलत इथेच होते. सल वाळलेली असली तरी काप घ्यायचा असतो तो खालच्या हिरव्या भागात. काप वाळक्या भागातच थांबला तर आत उतरणारी बुरशी झाडातच राहते. म्हणून हत्यार निवडताना वाळकी काडी नव्हे, ओली साल डोळ्यांपुढे ठेवायची.

सिकेटर दोन जातींचे. एकात धारेचं पातं सपाट पट्टीवर जाऊन बसतं, ऐरणीवर छिन्नी बसावी तसं. दुसऱ्यात पातं आणि आकड्यासारखा जबडा कात्रीप्रमाणे एकमेकांना घासून निघून जातात. ऐरणीचा प्रकार वाळक्या लाकडाला चालतो. ओल्या फांदीला मात्र तो पट्टीवर दाबून चेपतो.

चेपल्याने काय बिघडतं? सालीच्या लगेच आत केंबियम नावाचा अगदी पातळ थर असतो. त्याच्याच पेशी विभागून कापाच्या कडेने नवी गाठ उठते. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड बिघडलेल्या लाकडाला आतून भिंती घालून कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवून दिलं. चेपलेल्या कडेचं केंबियम मरतं, मग नवं लाकूड मागून, दुरून सुरू होतं आणि तोवर काप उघडा राहतो. कात्रीच्या जातीतही आकड्याकडची बाजू थोडी चेपतेच. म्हणून पातं झाडाकडे आणि आकडा टाकायच्या काडीकडे धरायचा. हात उलटा पडला तर महागडा सिकेटरही खुंटच चेपतो.

काडी जबड्यात खोल, बोल्टाजवळ घ्यावी. मूठ बोल्टापासून 12 सेंमीवर आणि काडी 2 सेंमीवर असेल तर हाताचा जोर सहापट होतो. काडी 4 सेंमीवर, टोकाकडे गेली की तिप्पटच. मग माणूस मनगट पिळतो, पाती फाकतात, साल लोंबते. दोन सेंमीहून जाड फांदीला लांब दांड्याची कात्री घ्या, तिलाही न झेपणारी असेल तर करवत.

दुकानात वर्तमानपत्राचा कागद कापून बघा. कागद कापला न जाता पात्यांत दुमडला तर फट आहे. मधे नट-बोल्ट असेल तर ती आवळता येते, रिव्हेट असेल तर तो सिकेटर सोडा. पातं आणि स्प्रिंग सुटे मिळतात का, हेही विचारा. पात्यावर एसके-5 छापलेलं असेल तर ते साधारण 0.8 ते 0.9 टक्के कार्बनचं पोलाद. धार टिकते, पण गंजतं. सोनेरी टायटॅनियमच्या मुलाम्याला भुलू नका. तो काही मायक्रॉनचा, पहिल्यांदा धार लावतानाच कडेवरून निघून जातो. आणि अमावास्येला छाटलं की झाड वाळतं म्हणणाऱ्याच्या सिकेटरची धार आधी तपासावी.

धार फक्त उतरत्या बाजूने, 20 ते 25 अंशांत. सपाट बाजूवर दगड आडवा टेकवून मागे वळलेली कड तेवढी काढायची. तिथे उतार पाडला की कायमची फट.

डाळिंबात तेल्या हा जिवाणूंचा रोग असेल तर प्रत्येक झाडानंतर पातं 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा: 5 टक्क्यांचं द्रावण 1 लिटर, पाणी 4 लिटर. हे द्रावण पोलाद खातं, म्हणून संध्याकाळी पातं धुऊन, पुसून बोल्टावर दोन थेंब तेल. कापांवर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावायची: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवलं तर तांबं बादलीवरच चढतं, प्लास्टिकची घ्या.