‘सर’ म्हणजे गुलामी नव्हे

शिक्षक दिन जवळ आला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच मेसेज फिरू लागतो: ‘सर’ (S-I-R) म्हणजे ‘स्लेव्ह आय रिमेन’, मी गुलामच राहीन, इंग्रजांनी तो आपल्या तोंडी बसवला. हे साफ खोटं आहे.

‘सर’ हे ‘सायर’चं आखूड रूप. ते फ्रेंचमधून आलं आणि मूळ लॅटिन ‘सीनियर’, म्हणजे वयाने मोठा. इंग्रजीत ते १३०० च्या सुमारास रुळलेलं होतं. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० साली. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची चाल तर विसाव्या शतकात फोफावली.

आणि जरा विचार करा, १७०५ साली राणी अ‍ॅनने न्यूटनला ‘सर’ केलं, ते काय गुलाम म्हणून? जुन्या पत्रांखाली ‘आय रिमेन, सर, युवर ओबीडियंट सर्व्हंट’ (महाशय, मी आपला आज्ञाधारक सेवक) असं असायचं खरं, पण त्यातला ‘सर’ पत्र घेणारा, सेवक म्हणवतो तो लिहिणारा. इंग्रज एकमेकांनाही तसंच लिहीत.

पदवीचा ‘सर’ पहिल्या नावाआधी लागतो: सर आयझॅक. आपले ‘पाटील सर’, ‘चौधरी सर’ मात्र आप्पा-नानांसारखे नावामागून येतात, ती आपली स्वतःची घडण. मुलांनी ती बिनधास्त वापरावी.