ऐप्टेशिया आणि त्याला खाणारे: हा सगळा प्रकार सुरू कुठून झाला

ऐप्टेशिया म्हणजे टँकमध्ये नको असताना पसरणारा, डंख मारणारा छोटा ॲनिमोन (समुद्रफूल). त्याला काय खातं, कुठला मासा टाकू, कुठली कोळंबी टाकू, हा प्रश्न रीफ टँक, म्हणजे प्रवाळाची समुद्री टाकी, ठेवणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच आणि उत्तरंही ठरलेली असतात: पेपरमिंट श्रिम्प ही कोळंबी, कॉपरबँड मासा, बर्गिया ही समुद्री गोगलगाय, फाईलफिश मासा. पण ही नावं आली कुठून, आणि एकाच्या टँकमध्ये आठवड्यात सगळं साफ तर दुसऱ्याकडे तीच कोळंबी ऐप्टेशियाच्या शेजारी बसून माशांचं खाणं पळवते, असं का होतं, हे कळायला जरा मागे जावं लागतं. जरा म्हणजे चांगलं दीडशेच्या वर वर्षं.

गंमत अशी की सुरुवातीला ॲनिमोन ही कीड नव्हतीच, तोच तर शौक होता. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणीसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि त्या दशकात ब्रिटनमध्ये घरोघरी काचेच्या भांड्यात समुद्र ठेवायची लाटच आली. तेव्हा ना पंप, ना हीटर, ना पाण्यातली घाण काढणारा स्किमर, मासे पटापट मरायचे, टिकायचा तो ॲनिमोन. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ ला किनाऱ्यावरून उचललेला एक ॲनिमोन तर 'ग्रॅनी' म्हणून प्रसिद्धच झाला, डॅलियेल १८५१ ला गेले पण ग्रॅनी एकाकडून दुसऱ्याकडे जात जात १८८७ पर्यंत जगली. त्याच काळात फिलिप हेन्री गॉस हे निसर्ग अभ्यासक समुद्राची टाकी घरात कशी ठेवायची हे लोकांना शिकवत होते, आणि ऐप्टेशिया हे नाव १८५८ मध्ये त्यांनीच दिलेलं. म्हणजे ज्या माणसाने लोकांना हा नाद लावला त्यानेच आपल्या डोकेदुखीचं बारसं पण केलं!

आता आपण ज्याला शिव्या घालतो तो गुण आणि तेव्हा ज्याचं कौतुक होतं तो गुण एकच आहे, चिवटपणा. बदललं ते टँकमधलं बाकीचं.

आणि ते बदललं लाइव्ह रॉकमुळे, म्हणजे अंगाखांद्यावर जीव वस्तीला असलेल्या समुद्रातल्या दगडांमुळे. जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचे गृहस्थ नुसते समुद्रातले जिवंत दगड, थोडी हवा आणि उजेड एवढ्यावर प्रवाळ जगवत होते, त्यांनी १९६१ मध्ये अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. तेव्हा फार कुणी मनावर घेतली नाही. पुढे जर्मनीतली बर्लिन पद्धत आली, जिवंत दगड आणि स्किमर यांच्यावर टाकी चालवायची, १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत मिनी-रीफचं, म्हणजे घरातल्या छोट्या प्रवाळ टाकीचं, वेड लागलं आणि मग समुद्रातून दगड उचलून टाकीत टाकायचे हा नेहमीचाच मार्ग झाला. दगडांचा उपसा इतका व्हायला लागला की फ्लोरिडाने १९८९ मध्ये आपल्या हद्दीत तो बंद केला आणि नव्वदच्या दशकात पलीकडच्या केंद्राच्या हद्दीतही तो बंद झाला. पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. त्या दगडांच्या भोकाभोकांतून स्पंज, किडे, शेवाळ, खेकडे आणि ऐप्टेशिया असं सगळं फुकटात घरात आलं. यात एक मेख आहे, ऐप्टेशिया आला पण त्याला खाणारा आलाच असं नाही. समुद्रात त्याला कुरतडणारे मासे, कोळंब्या, गोगलगायी असतात, टँकमध्ये मात्र भरपूर उजेड, दिवसातून दोनदा पडणारं खाणं आणि शत्रू शून्य. नंतर लोक कोरडे दगड वापरायला लागले तरी फार फरक पडला नाही कारण विकत आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याच्या (फ्रॅगच्या) बुडाला चिकटून एखादं मिलिमीटरभर पिल्लू येतं आणि तेवढं पुरतं.

तेवढं कसं पुरतं ते बघा. ऐप्टेशिया दगडावरून हळूहळू सरकतो आणि सरकताना पायाच्या कडेचे बारीक तुकडे मागे सोडत जातो, त्यातल्या प्रत्येक तुकड्याला नवीन तोंड, नवीन हात फुटतात. हरळीसारखं, उपटायला गेलं की दुप्पट. चिमट्याने ओढला तर तो सर्रकन भोकात आत जातो आणि आपल्या हातात येतो अर्धा, उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा होतात चार. शिवाय त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं ते उजेडावर त्याला पोसतं, खाणं मिळालं तर तेही खातो, आणि डिवचला की पांढरे दोऱ्यासारखे डंखाचे धागे बाहेर फेकतो, शेजारचं प्रवाळ त्यात भाजून निघतं.

मग लोकांनी काय काय नाही केलं. सिरिंजने कालवलेली चुन्याची पेस्ट तोंडावर सोडणं, उकळतं पाणी, व्हिनेगर, लिंबाचा रस, नंतर तयार औषधाच्या बाटल्या निघाल्या. हे चालतं, नाही असं नाही, दहा-बारा असतील तर मी म्हणेन तेच करा. पण दगडाच्या मागे, पाणी बाहेर पडायच्या कप्प्यात (ओव्हरफ्लो), खालच्या जोडटाकीतल्या (संप) पाइपात सुई पोचत नाही आणि जो दिसत नाही तोच पुन्हा पसरतो. म्हणून खाणारा हवा, जो स्वतः शोधत जाईल.

सगळ्यात आधी नजर गेली ती माशांवर, साहजिकच आहे. बटरफ्लाय मासे रीफवर सतत काहीतरी टोचत असतात हे सगळ्यांना दिसत होतं. रॅकून बटरफ्लाय ऐप्टेशिया खातो, अगदी आवडीने खातो, पण प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे त्याचे इवले जीवही खातो, म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. म्हणून तो फक्त माशांच्या टँकमध्ये ठीक. रीफवाल्यांनी उचलला तो कॉपरबँड, लिनियसने १७५८ मध्येच नोंदवलेला, लांब चिमट्यासारखं तोंड, पिवळे पट्टे, मागच्या पंखावर डोळ्यासारखा खोटा ठिपका. ते तोंड फटीतले किडे आणि बारीक जीव वेचायला बनलेलं आहे, ऐप्टेशिया त्यात जाता जाता येतो. आला तर! काही कॉपरबँड आयुष्यात ऐप्टेशियाकडे ढुंकून बघत नाहीत, ट्यूबवर्म (नळीत राहणारे किडे) मात्र चट करतात. आणि खरी अडचण म्हणजे हा मासा पकडून आणलेला असतो, टँकमध्ये आल्यावर खायलाच तयार होत नाही आणि उपाशी मरतो. त्यात साठच्या दशकापासून फिलिपिन्समध्ये आणि मग इंडोनेशियातही मासे गुंगवायला सायनाइड वापरायची पद्धत पडली होती, असे मासे दिसायला धड असले तरी आतून खराब झालेले असायचे. कीड मारायला म्हणून एवढा मोठा, एवढा नाजूक मासा आणायचा आणि तोच गमवायचा हे मला कधीच पटलं नाही, पण आजही पहिला सल्ला बहुतेक वेळा हाच मिळतो.

त्यानंतर पेपरमिंट श्रिम्प, आणि इथे खरा घोळ आहे. पारदर्शक अंगावर लाल रेघा असलेली ही कोळंबी, स्वस्त, टाकीत पिल्लं काढता येणारी, ऐप्टेशिया खाते असं नव्वदच्या दशकापासून तोंडोतोंडी पसरलं. काहींचा अनुभव जबरदस्त, काहींचा शून्य, आणि दोघंही एकमेकांना खोटं पाडत राहिले. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी, त्यात अँड्र्यू राइन आणि जुंदा लिन होते, ऐप्टेशियावर जैविक इलाज म्हणून या कोळंब्यांचा अभ्यास छापला आणि ती खाते हे कागदावर आलं. मग २००६ मध्ये राइन आणि लिन यांनी अजून एक काम केलं जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या सगळ्यांना लिस्माटा वुर्डेमानी हे एकच नाव लावलं जात होतं त्या अटलांटिकच्या पश्चिमेकडच्या कोळंब्या प्रत्यक्षात वेगवेगळ्या जाती आहेत हे त्यांनी दाखवलं आणि चार नव्या जातींची नोंद केली, त्यातलीच एक लिस्माटा बोगेसी, फ्लोरिडातून मोठ्या प्रमाणात बाजारात येणारी. म्हणजे इतकी वर्षं लोक भांडत होते ते एकाच जनावराबद्दल नव्हतंच. त्यात भर म्हणजे कॅलिफोर्नियाची थंड पाण्यातली एक जात त्याच नावाने विकली जाते आणि कॅमल श्रिम्प नावाची तिसरीच कोळंबीसुद्धा कधी पेपरमिंट म्हणून गळ्यात मारली जाते. ती आणली तर आगीतून फुफाट्यात, कारण ती ऐप्टेशिया सोडून प्रवाळ खाते. ओळखायचं असेल तर पाठीचा कुबड आणि डोळे बघा, कॅमलचे डोळे मोठे असतात, लाल रेघांच्या मधे ठळक पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात आणि कपाळावरचा काटा बिजागरीसारखा वरखाली हलतो, पेपरमिंटचा हलत नाही. आणि बरोबर जात असली तरी तिला रोज पोटभर आयतं मिळालं तर ती कशाला डंख खायला जाईल.

बर्गियाचीही गोष्ट तशीच, फक्त इथे खाणाऱ्याच्या आवडीबद्दल शंका नव्हती. ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर, पाठीवर पिसासारखी बोंडं. ऐप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. वर कमाल म्हणजे ऐप्टेशियाच्या डंखाच्या पेशी न फोडता गिळते आणि पाठीवरच्या त्या बोंडांच्या टोकाशी साठवून स्वतःच्या बचावाला वापरते. १९९० मध्ये कॅरोल आणि केम्फ यांनी तिला प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या कसं वाढवायचं ते लिहिलं आणि तिथून हौशी लोकांच्या हातात किल्ली आली. अंडी पांढऱ्या गुंडाळीत, प्रत्येक गोगलगाय नर पण आणि मादी पण, पिल्लांना समुद्रात महिनोन्महिने तरंगत बसायची गरज नाही, त्यामुळे छोट्या भांड्यातही पैदास होते. फक्त त्यांना खायला ऐप्टेशिया लागतो, म्हणून बर्गिया विकणारे लोक टाक्याच्या टाक्या भरून ऐप्टेशियाची शेती करतात, जो आपण मुळासकट उपटायला बघतो!

नावाचा गोंधळ इथेही होताच. शौकीन मंडळी तिला वर्षानुवर्षं बर्गिया व्हेरुसिकॉर्निस म्हणत आली, ती जात खरंतर अटलांटिकच्या पलीकडची. २००५ मध्ये आंखेल वाल्देस यांनी फ्लोरिडा कीज मधून नवीन जात म्हणून तिची नोंद केली, तेव्हा दुसऱ्याच प्रजातीत (जीनसमध्ये) टाकली, आणि २०१४ मध्ये ती बर्गिया स्टेफनीए झाली. त्याच वर्षी आपल्या ऐप्टेशियाचं पण नाव बदलून एक्झायप्टेशिया झालं, असो, बोलताना कुणी म्हणत नाही.

बर्गिया फसते ती दोन कारणांनी. एक म्हणजे ती रात्री फिरते, हळू असते, आणि पेपरमिंट श्रिम्प, रास मासे, काही खेकडे तिलाच खातात, म्हणून दोन्ही उपाय एकदम करायचे नाहीत, पैसे पाण्यात. दुसरं म्हणजे मोठ्या टँकमध्ये दोन-तीन सोडून लोक पंधरा दिवसांत निकाल मागतात, तर तसं होत नाही, तिची संख्या वाढायला वेळ लागतो, पहिले काही आठवडे काहीच दिसत नाही आणि मग एकदम ऐप्टेशिया कमी व्हायला लागतात. सगळे संपले की ती उपाशी मरते, तेव्हा संपायच्या आधी काढून दुसऱ्या कुणाला देणं चांगलं.

फाईलफिश मागाहून आला, ब्रिसलटेल फाईलफिश, रंग बदलून शेवाळात लपणारा. टँकमध्ये पैदास केलेली पिल्लं मिळायला लागल्यावर त्याचं नाव झालं, कारण ती तयार खाणं खातात आणि कॉपरबँडसारखी उपाशी मरत नाहीत. पण काही फाईलफिश मांसल प्रवाळ आणि झोअँथिड (प्रवाळासारखे बटणाएवढे जीव) कुरतडतात, त्यामुळे एकदा टाकला की लक्ष ठेवावं लागतं.

जाता जाता, ज्याला आपण मारायला निघालोय त्याला प्रयोगशाळांमध्ये जपून वाढवतात. प्रवाळ पांढरं का पडतं, शैवाल आणि प्राणी यांचं जमतं कसं, हे बघायला ऐप्टेशिया सोपा पडतो, मरत नाही, भराभर वाढतो, आणि २०१५ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम (सगळी जनुकीय माहिती) पण छापून आला.

मजानो या दुसऱ्या उपद्रवी ॲनिमोनला मात्र खात्रीने खाणारा असा अजून कुणी नाही. तो दिसायला सुंदर, हिरव्या बोंडांचा, बरेच जण आधी मुद्दाम ठेवतात आणि मग पस्तावतात. बर्गिया त्याला तोंड लावत नाही, पेपरमिंटचा भरवसा नाही, काही बटरफ्लाय आणि एखादा फाईलफिश खाईल तर खाईल. त्याच्यासाठी अजून सिरिंज, किंवा दगडच बाहेर काढून तेवढा भाग छिन्नीने उडवणं.