आमवात

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा दीर्घकालीन दाहक आजार. वैद्यकात त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसते ‘आरए’. मराठी परिभाषेत ‘संधिवाताभ संधिशोथ’ असा शब्द आहे, पण कोशाबाहेर तो फारसा कुणी वापरत नाही. बोलताना सरसकट ‘संधिवात’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. उतारवयात गुडघे झिजून दुखतात तोही संधिवात, युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा एका रात्रीत सुजतो तोही संधिवात आणि पस्तिशीतल्या बाईची सकाळी मूठ वळत नाही तोही संधिवातच. तिन्हींची कारणे वेगळी, औषधेही वेगळी. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला सांगून म्हणूनच उपयोग नसतो.

‘आमवात’ हे नाव माधवनिदान या जुन्या संस्कृत ग्रंथात स्वतंत्र आजाराचे म्हणून येते. तिथले वर्णन आजच्या निदानाशी तंतोतंत जुळते असे नाही. नाव मात्र रुळले. पाश्चात्त्य वैद्यकात फ्रेंच डॉक्टर लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि ब्रिटिश डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये त्याला आजचे इंग्रजी नाव दिले. जगातल्या प्रौढांपैकी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना तो होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते. सुरुवात बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान होते, म्हणजे ‘म्हातारपणचे दुखणे’ ही समजूत इथे चुकते.

लक्षणे : झिजेचे दुखणे वापराने वाढते आणि बसले की उतरते. आमवाताचे उलटे असते. रात्रभर विश्रांती घेतलेला सांधाच सकाळी सर्वांत जास्त आखडलेला असतो आणि तो मोकळा व्हायला तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. ब्रशवर पकड बसत नाही, बटण बोटांतून निसटते, नळ फिरवायला तळहात लावावा लागतो. दहा-अकरा वाजेपर्यंत बोटे सैल होतात आणि घरच्यांना वाटते, सकाळचे तेवढे नाटक होते.

बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांत, मनगटात आणि पायाच्या चवड्यात सूज येते, तीही बहुधा दोन्ही बाजूंना. बोटांच्या टोकाजवळचे सांधे सहसा सुटतात. तिथे गाठी असतील तर झिजेचा संशय आधी घ्यावा. मूठ वळल्यावर बोटांच्या मुळाशी चार उंचवटे आणि त्यांच्यामध्ये घळी दिसतात. सूज आली की या घळी भरून जातात. डॉक्टर हात हातात घेऊन पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतात, तेव्हा रुग्ण कळवळला तर रक्त तपासण्याआधीच अर्धे उत्तर मिळालेले असते. चवड्याखाली खडे असल्यासारखे वाटते, अशीही तक्रार अनेक जण करतात.

आजार सांध्यांपुरता राहत नाही. थकवा, बारीक ताप, रक्तक्षय, डोळ्यांची कोरड, कोपराजवळच्या गाठी हे सगळे त्याचेच भाग आहेत. फुफ्फुसांना इजा होऊ शकते आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

कारणे व प्रक्रिया : सांध्याच्या आत पेशींच्या एक-दोन थरांचे पातळ अस्तर असते आणि वंगणाचा द्रव तेच तयार करते. आमवातात प्रतिकारपेशी या अस्तरात घुसतात. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ यांसारखी दाह भडकवणारी रसायने तिथे साचतात. अस्तर जाड होते, वेलीसारखे कुर्चेवर (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर) पसरते आणि कुर्चा व हाडाची कड कुरतडू लागते. हाडे जोडून ठेवणारे अस्थिबंध ढिले पडून बोटे करंगळीकडे कलतात, ती अवस्था फार पुढची.

सुरुवात कशाने होते? एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे काही प्रकार धोका वाढवतात. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता सुमारे १५ टक्केच असते, म्हणजे सगळा दोष जनुकांच्या माथी मारता येत नाही. बाहेरच्या कारणांत धूम्रपानाचा पुरावा सर्वांत पक्का आहे. धुरामुळे फुफ्फुसातल्या प्रथिनांचे रूप बदलते आणि शरीर त्यांना परके समजून प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवू लागते. हिरड्यांच्या जुनाट आजारावरही असाच संशय आहे. ही प्रतिपिंडे रक्तात कित्येकदा पहिला सांधा दुखण्याच्या काही वर्षे आधीच सापडतात.

निदान : एका तपासणीने निकाल लागत नाही. ‘आरए फॅक्टर’ (रक्तातले एक प्रतिपिंड) काही निरोगी माणसांत आणि इतर आजारांतही सापडतो आणि आमवाताच्या काही रुग्णांत सापडतच नाही. अँटी-सीसीपी ही दुसऱ्या प्रतिपिंडाची तपासणी अधिक भरवशाची. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांवरून दाह किती आहे ते कळते, पण तो कशाचा हे कळत नाही. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो आणि त्यावर विसंबून रुग्ण घरी परततो, हा नेहमीचा अनुभव.

औषधोपचार : १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले. अंथरुणाला खिळलेली माणसे काही दिवसांत चालू लागली आणि १९५० मध्ये हेंच यांना केंडॉल व राइखस्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले. दुष्परिणामांचे दर्शन नंतर घडले. आज स्टेरॉइड थोड्या काळापुरते, भडका विझवायला देतात. मुख्य भार प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधावर असतो. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे, सोबत फॉलिक आम्ल. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते, म्हणून ठरलेला वार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा. त्याने भागले नाही तर टीएनएफसारख्या रसायनांना अडवणारी जैविक औषधे असतात; ती नव्वदच्या दशकाअखेर आली आणि आजाराचे चित्र बदलून गेले. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचण्याची शक्यता सर्वाधिक. एकदा कुरतडलेले हाड पूर्ववत होत नाही.

नैसर्गिक उपाय : इथे दोन गोष्टींची गल्लत होते. दुखणे कमी होणे वेगळे आणि आजार थांबणे वेगळे. वेदनाशामक गोळीनेही दुखणे कमी होते, पण आत कुरतडणे चालूच राहते. शेक, व्यायाम, आहार यांचे मोल खरे आहे, ते औषधाच्या जोडीला. औषधाच्या जागी नव्हे. शिवाय आमवाताला भरती-ओहोटी असते. दुखणे अगदी टिपेला पोचते तेव्हाच माणूस नवा उपाय धरतो, नंतर ओहोटी आपसूक येते आणि श्रेय काढ्याला जाते. सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच बरे वाटलेले असते.

सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. दुखरा सांधा हलवू नये हा सल्ला जुना झाला. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीच्या उपचारांना हातांच्या ताणाच्या आणि ताकदीच्या व्यायामांची जोड दिली होती. वर्षभराने या रुग्णांचे हात इतरांपेक्षा चांगले काम करत होते आणि दुखणे वाढलेले नव्हते. व्यायाम साधेच असतात : बोटे एकेक करून अंगठ्याला टेकवणे, मनगट वर-खाली करणे, मऊ गोळा दाबणे. चालणे आणि कोमट पाण्यातले व्यायामही चांगले, कारण पाण्यात सांध्यावर फारसे वजन येत नाही. दुसऱ्या दिवशी दुखणे बरेच वाढले तर आदल्या दिवशी अति झाले असे समजावे. सांधा गरम, लाल, फुगलेला असेल तेव्हा मात्र जोर लावायचा नाही; त्याला हलकेच पूर्ण फिरवून आणावे, एवढेच.

सकाळच्या आखडलेपणावर ऊब चालते. कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून त्यातच बोटे उघडझाप केली की दिवस लवकर सुरू होतो. भडका उडालेल्या सांध्याला बहुतेकांना गार शेक मानवतो. बर्फ मात्र थेट कातडीवर नको, कापडात गुंडाळून.

सांधा वाचवण्याची काही कसबे व्यवसायोपचारतज्ज्ञ शिकवतात आणि ती रोजच्या जगण्यात फार कामाची असतात. भरलेले भांडे कान धरून न उचलता खाली दोन्ही तळवे लावून उचलायचे. पिशवी बोटांवर न लटकवता कोपराच्या आत किंवा खांद्यावर घ्यायची. पेनावर फोमची नळी चढवून पकड जाड करायची. तत्त्व एकच : लहान सांध्याचे ओझे मोठ्या सांध्यावर टाकणे.

आहाराबद्दल बोलले जाते पुष्कळ, ठाम हाताशी थोडेच लागते. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले मोठ्या मात्रेत काही महिने घेतल्यास दुखणे आणि आखडलेपण थोडे उतरते. भाज्या, डाळी, फळे, ऑलिव्ह तेल आणि मासे असलेला भूमध्यसागरी धाटणीचा आहार काहींना मानवतो आणि हृदयालाही बरा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने सांध्यांना आराम पडतोच, औषधेही अधिक चांगली लागू पडतात. टोमॅटो, वांगी, बटाटे सोडल्याने आमवात कमी होतो याला पुरावा नाही. हळदीतील कर्क्युमिनवरच्या चाचण्या आशादायक पण लहान आहेत. ते आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्याच्या कॅप्सूल घेताना डॉक्टरांना विचारावे. तांब्याचे कडे आणि चुंबकी पट्टा यांची २०१३ मध्ये ७० रुग्णांवर चाचणी झाली, त्यांचा काहीही परिणाम दिसला नाही. कडे घालून नुकसान नाही, म्हणून त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

धूम्रपान सोडणे हा खरे तर सर्वांत नैसर्गिक उपाय; पण त्याची बाटली विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नसावी.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. चिनी वैद्यकातील ‘थंडर गॉड’ नावाच्या वेलीचा अर्क आमवातावर खरोखर परिणाम करतो, पण त्याचे विषारी परिणामही आहेत आणि प्रजननक्षमतेला तो मारक ठरतो. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या निनावी पुड्यांबाबत तर अधिकच सावध राहावे. अशा काही पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. ते महिनोन्‌महिने पोटात गेले की चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. तरीही अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणे तोवर कमी केलेले असते आणि अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि किती दिवस घेतली ते खरे सांगावे.